डन्जन्स अँड ड्रॅगन्ससाठी लिहिलेलं पहिलं साहस विकायला काढताय? आधी परवाना ठरवा

उत्साह छान आहे, लिहीत राहा. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळाचा जुना खुला परवाना (ओजीएल) बदलण्यावरून जो गदारोळ झाला, तो सगळा वाचत बसू नका. तुमच्या कामाचं एवढंच: खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने माघार घेतली आणि एसआरडी ५.१ (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० खाली, म्हणजे श्रेय देऊन विक्रीसाठीही वापरता येईल अशा परवान्याखाली, खुलं केलं. हा परवाना मागे घेता येत नाही. तोच धरा.

मग इतकं सांभाळा:

- एसआरडी म्हणजे अख्खं प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंसाठीचं मुख्य नियमपुस्तक) नव्हे. ५.१ मध्ये पात्राची पार्श्वभूमी एकच (अकोलाइट) आणि फीट, म्हणजे पात्राचं खास कौशल्य, तेही एकच (ग्रॅपलर). पुस्तकातून उचललेली प्रत्येक गोष्ट एसआरडीच्या पीडीएफमध्ये शोधा. नाही सापडली तर काढा किंवा स्वतःची रचा. नवखे हमखास इथेच अडकतात.
- श्रेयाचं वाक्य त्या पीडीएफच्या सुरुवातीलाच तयार दिलंय. जसंच्या तसं पहिल्या पानावर चिकटवा, स्वतःच्या शब्दांत 'सुधारू' नका.
- मुखपृष्ठावर 'फिफ्थ एडिशनशी (खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी) सुसंगत' असं लिहिलेलं चालतं. ड्रॅगनचा लोगो नाही, विझार्ड्सची चित्रं तर नाहीच.
- फॉरगॉटन रेल्म्समध्येच (विझार्ड्सच्या मालकीच्या काल्पनिक जगात) कथा घडवायची असेल तर डीएम्स गिल्ड या विक्रीच्या संकेतस्थळावर जा. तिथे तुमचा वाटा ५० टक्के, आणि ते लिखाण दुसरीकडे विकता येत नाही. पहिल्याच कामासाठी मी तरी हे सुचवणार नाही.

विझार्ड्सची फॅन कंटेंट पॉलिसी (चाहत्यांच्या निर्मितीसाठीचे नियम) फुकट वाटायच्या गोष्टींपुरती असते. एक रुपयाही किंमत लावलीत की ती लागू नाही.

ओआरसी वगैरे इतर खुले परवाने तुमच्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी बघू.