झाडं मोजून पोट भरेल का?

ऐरोलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय वनस्पतिशास्त्र. प्रकल्पासाठी ती ठाण्याजवळच्या येऊरचं जंगल, पायथ्याची भातशेती आणि सोसायटीची बाग इथल्या वनस्पतींची तुलना करते आहे. भर पावसात हिंडते, चिखलानं माखून घरी येते. ‘झाडं मोजून पोट भरेल का? आत्ताच बी.एड.कडे वळवू का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, काळजी रास्त आहे, पण लेकीला आत्ता वळवू नका. ती जे शिकते आहे ते नीट येणारी माणसं फार थोडी आहेत. रस्ता, धरण, खाण अशा प्रकल्पांच्या पर्यावरण अभ्यासात वनस्पतींची पाहणी करावी लागते. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी तिथल्या वनस्पती-प्राण्यांच्या नोंदवह्या करायच्या असतात. फूल नसताना नुसत्या पानावरून, सालीवरून ऐन की किंजळ हे सांगणारा माणूस तिथे लागतो.

मात्र तुलना चोख हवी. मोजणीसाठी जमिनीवर चौकटी आखतात: झाडांसाठी १० बाय १० मीटरची चौकट, झुडपांसाठी ५ बाय ५, गवत-रोपांसाठी १ बाय १. तिन्ही जागी चौकटी सारख्याच संख्येनं आणि एकाच हंगामात. टाकळा, तेरडा श्रावणात दिसतात, मार्चमध्ये त्यांचा मागमूस नसतो. जंगल पावसात आणि बाग उन्हाळ्यात मोजली, तर सगळी मेहनत वाया.

आणि नुसत्या जातींच्या आकड्यावर तिनं भुलू नये. सोसायटीत गुलमोहर, बोगनवेल, क्रोटन धरून यादी लांबलचक होईल, पण ती माळ्यानं लावलेली. जंगलातल्या यादीत घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन फोफावलेली झुडपंही भर घालतात, म्हणून ते जंगल श्रीमंत ठरत नाही. तुमच्याच ऐरोलीच्या खाडीकाठी उलट चित्र आहे: खारं पाणी आणि भरती-ओहोटी सोसणाऱ्या जाती मोजक्याच, तिवरं आणि त्यांचे काही सोबती. तरी त्या खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. म्हणून प्रत्येक नावापुढे तिनं लिहावं: आपसूक उगवलेली की लावलेली, इथली की बाहेरची. शॅनन निर्देशांक, म्हणजे विविधता मोजणारा आकडा, ती काढेलच, पण ही नोंद नसेल तर तो आकडा मुका राहतो. भाताचे बांधही सोडू नयेत, शेतातली विविधता बरीचशी तिथेच सापडते.

येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. वनखात्याची लेखी परवानगी काढल्याशिवाय तिनं तिथे काम करू नये, एक पानही तोडू नये.

पुढे एम.एस्सी., सोबत संख्याशास्त्र आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर. संशोधनासाठी नेट ही परीक्षा, किंवा गेट परीक्षेचा परिसंस्था व उत्क्रांती हा पेपर. भारतीय वनसेवेची परीक्षाही वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर देता येते. खरं सांगते, सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो. ती दोन-तीन वर्षं घरानं आधार द्यावा लागेल. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.