प्रश्न तुमचे : ब्रिटनमधील तरुण मत आणि पेन्शनचे राजकारण

प्रश्न : मी २५ वर्षांचा असून पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याहून लेस्टरला आलो आणि आता येथेच नोकरी करतो. माझा पासपोर्ट भारतीय असला तरी मला येथे मतदान करता येते, असे सहकारी सांगतात. हे खरे आहे का? तेच सहकारी असेही म्हणतात, की येथील पक्षांना फक्त पेन्शनधारकांची काळजी आहे. मग मत देऊन उपयोग काय?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : होय, हे खरे आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या १८ वर्षांवरील भारतीय नागरिकाला तेथील संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते आणि त्यामुळे त्याच्या भारतीय नागरिकत्वाला बाध येत नाही. अनेक मराठी विद्यार्थ्यांना हे परत येईपर्यंत कळत नाही, याची मला खंत वाटते.

तुमच्या सहकाऱ्यांची तक्रार निराधार नाही, आणि ती समजून घेण्यासाठी दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. २०१० च्या निवडणुकीपूर्वी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यापीठांच्या शुल्कवाढीला विरोध करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या. तोच पक्ष हुजूर पक्षाबरोबर सत्तेत गेला आणि ९ डिसेंबर २०१० रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी इंग्लंडमधील वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ३,२९० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेली. त्या दिवशी विद्यार्थी हजारोंच्या संख्येने लंडनच्या रस्त्यांवर होते. पक्षनेते निक क्लेग यांनी २०१२ मध्ये त्या प्रतिज्ञेबद्दल जाहीर माफी मागितली, परंतु शुल्क कमी झाले नाही. २०२५ मध्ये ते ९,५३५ पौंडांवर पोहोचले. याच सरकारने पेन्शनधारकांना मात्र ‘ट्रिपल लॉक’ची हमी दिली : महागाई, सरासरी वेतनवाढ किंवा अडीच टक्के, यांपैकी जे सर्वाधिक असेल त्या दराने सरकारी पेन्शन दरवर्षी वाढेल. एप्रिल २०२३ मध्ये ही वाढ १०.१ टक्के झाली.

दुसरी घटना अलीकडची आहे. जुलै २०२४ मध्ये नव्या मजूर सरकारने पेन्शनधारकांना हिवाळ्यात इंधनासाठी मिळणारे २०० ते ३०० पौंडांचे साहाय्य केवळ गरजूंपुरते मर्यादित केले. त्यावर एवढा असंतोष उसळला, की वर्ष पूर्ण होण्याआधीच, जून २०२५ मध्ये, सरकारने माघार घेऊन वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व पेन्शनधारकांना ते पुन्हा देऊ केले. एका पिढीचा आवाज काही महिन्यांत ऐकला गेला, तर दुसऱ्या पिढीला केवळ माफी मिळाली. तरुणांना जो राग येतो तो या फरकाचा, आणि माझ्या मते तो पूर्णपणे रास्त आहे.

या फरकाचे मूळ बऱ्याच अंशी मतदार यादीत आहे. स्वतःच्या घरात वीस-तीस वर्षे राहणाऱ्या व्यक्तीचे नाव यादीत कायम असते, तर भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या तरुणाला प्रत्येक वेळी नव्याने नोंदणी करावी लागते. पूर्वी विद्यापीठांना वसतिगृहातील सर्व विद्यार्थ्यांची नावे एकगठ्ठा नोंदवता येत असत. २०१४ पासून वैयक्तिक नोंदणी सक्तीची झाल्यावर ती सोय गेली. त्यात २०२३ मध्ये मतदान केंद्रावर छायाचित्रासह ओळखपत्र आवश्यक झाले, तेव्हा साठीपुढील लंडनकरांचा ऑइस्टर पास (शहरातील बस-रेल्वे प्रवासाचे कार्ड) ग्राह्य ठरला, पण विद्यार्थ्यांचा ऑइस्टर पास ठरला नाही. हा भेदभाव मला अजूनही पटलेला नाही. (तुमचा भारतीय पासपोर्ट मात्र चालतो.)

उपयोग काय, या तुमच्या प्रश्नाला कॅंटरबरीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. विद्यापीठांचे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्षाचे होते. २०१७ मध्ये मजूर पक्षाने ते अवघ्या १८७ मतांनी जिंकले. दोन वसतिगृहांतील विद्यार्थी मिळून याहून अधिक भरतील. त्याच निवडणुकीत, विद्यार्थ्यांची मोठी वस्ती असलेल्या शेफील्ड हॅलममध्ये क्लेग स्वतः पराभूत झाले. तेव्हा नोंदणी लगेच करा. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी ती बंद होते.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा असून चाळीस वर्षांपासून हॅरोमध्ये राहतो. विद्यापीठात शिकणारी माझी नात म्हणते, “आजोबा, तुमच्या पेन्शनचा खर्च आमच्या माथी येतो.” आम्ही आयुष्यभर वर्गणी भरली, तरी आम्ही अपराधी का?
— एक वाचक, हॅरो

उत्तर : आपण अपराधी मुळीच नाही, परंतु नातीचे म्हणणेही खोटे नाही. आपण भरलेला नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी ही वर्गणी, आपल्या नावे साठवून ठेवलेला नव्हता. तो त्या काळच्या पेन्शनधारकांवर खर्च झाला, आणि आज नोकरी करणाऱ्यांच्या वर्गणीतून आपली पेन्शन दिली जाते. आपल्याला ती साधारण पासष्टाव्या-सहासष्टाव्या वर्षी सुरू झाली असेल. तिच्या पिढीसाठी सध्याच्या कायद्यानुसार ते वय ६८ आहे. तिने आपली पेन्शन कमी करण्याची मागणी केली आहे, असे आपल्या पत्रावरून तरी दिसत नाही. २०२४ च्या प्रचारात हुजूर पक्षाने पेन्शनधारकांना करसवलत देऊ केली आणि अठरा वर्षांच्या मुलांना सक्तीची राष्ट्रीय सेवा; असे पाहून वाढलेल्या मुलीचे बोलणे आपण स्वतःवरचा आरोप समजू नये. घरच्या आणि विद्यापीठाच्या अशा दोन्ही पत्त्यांवर तिला नाव नोंदवता येते, संसदेसाठी मत मात्र एकाच ठिकाणी देता येते. ते कोठे दिले तर अधिक मोलाचे ठरेल, हे एखाद्या रविवारी तिच्याबरोबर बसून दोन्ही मतदारसंघांचे मागील निकाल पाहून ठरवावे.