बायबलच्या कव्हरमधली गोळी

"ताई, इतकी प्रार्थना करूनही बरं वाटत नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी पडतो ना?" माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की हल्ली तो विचारायच्या आधीच चेहऱ्यावर दिसतो. कुणाला मधुमेह असतो, कुणाला मूल होत नसतं, कुणी नैराश्यात असतं. ही हकिगत फिट्स येणाऱ्या एका तरुणीची. तिच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय सत्तावीस, लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा सोबत आला होता, पण तिने त्याला बाहेरच बसवलं. माझ्यासमोर बसून मांडीवरच्या बायबलच्या कव्हरची चेन उघडझाक करत राहिली. बराच वेळ. मग आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची स्ट्रिप काढून तिने टेबलावर ठेवली, चोरीचा माल परत करावा तशी.

चौदाव्या वर्षापासून तिला फिट्स यायच्या. गोळ्या नियमित घेऊ लागल्यावर चार वर्षं एकही आली नव्हती. मग मंडळीत, म्हणजे तिच्या चर्चमध्ये, तीन दिवसांची चंगाई सभा झाली, आजाऱ्यांना बरं करण्यासाठी प्रार्थना करतात ती. शेवटच्या रात्री पाहुण्या धर्मोपदेशकाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अंगातून ऊब गेल्यासारखं वाटलं, आणि तिने माईकवर साक्ष दिली, "प्रभूने मला फेफऱ्यातून सोडवलं." टाळ्या, हालेलुया. घरी आल्यावर गोळ्या कचऱ्याच्या डब्यात.

एकोणिसाव्या दिवशी बाथरूममध्ये फिट आली. जीभ चावली गेली होती. सासूबाईंना सांगितलं, तोंड आलंय. दुसरी झोपेत आली. ती नवऱ्याने पाहिली आणि घाबरून तोही गप्प राहिला. त्यानंतर तिने गुपचूप गोळ्या आणल्या. नळ सोडून गोळी घ्यायची, स्ट्रिप फोडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"साक्ष दिलीय ना ताई. आता उघड गोळी घेतली तर प्रभूला खोटं पाडल्यासारखं होईल."

इथे मी एक चूक केली. मला शास्त्र पाठ आहे, त्यामुळे तोंड आवरलं नाही. ज्या प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल लावून आजारी बरे होत, त्यानेच आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी म्हणून मिलेत गावी मागे ठेवलं. आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता. सगळं खरं, पण ती उपदेशाला माना डोलवतात तशी मान डोलवत होती. तिला सांगणाऱ्यांत आणखी एकीची भर पडली, एवढंच झालं. गप्प बसले आणि विचारलं, "आज गोळी घेतलीस?" म्हणाली, "नाही. कधी एक, कधी दोन, कधी नाहीच."

मग बाकी सगळं बाजूला ठेवून तिच्यादेखतच तिच्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. फिट्सच्या गोळ्या एकदम बंद केल्या की आधीपेक्षा जोरदार फिट येऊ शकते, कधी ती थांबतच नाही. पाच मिनिटांहून जास्त चालली तर जिवावरचा प्रसंग समजायचा आणि थेट इस्पितळ गाठायचं. शिवाय काही गोळ्या मध्ये सुटल्या तर पुन्हा पहिल्या मात्रेने सुरू करता येत नाहीत, हळूहळू वाढवाव्या लागतात. ते डॉक्टरच ठरवतात. नवऱ्याला आत बोलावून फिट आल्यावर काय करायचं ते दाखवलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. तो इतका वेळ धीर धरून होता, तेव्हा रडला.

खरी भीती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. "मार्कच्या नवव्या अध्यायातला तो मुलगा, फेस येणारा, विस्तवात पडणारा. त्याच्यात भूत होतं ना? मग माझ्यात काय आहे?" चौदाव्या वर्षापासून कुणी ना कुणी तिला तो अध्याय ऐकवत आलं होतं. मी ती गोष्ट सौम्य केली नाही. तिथे आत्मा म्हटलंय, तर म्हटलंय. पण मत्तयाचा (मार्कसारखंच त्यानेही येशूचं चरित्र लिहिलंय) चौथा अध्याय काढून चोविसावी ओवी तिलाच वाचायला दिली. येशूकडे आणलेल्या दुखणाइतांची यादी आहे तिथे. भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षघाती. तिने बोट ठेवत तिन्ही शब्द मोजले. पुन्हा मोजले. "वेगवेगळे लिहिलेत," म्हणाली. मत्तयाने दोन हजार वर्षांपूर्वी केलेला हा फरक आपण करत नाही, याचा मला दर वेळी राग येतो.

मग त्याच मार्ककडे परत गेलो. त्या मुलाला विश्वासाबद्दल कुणी काही विचारलंच नाही. विचारलं बापाला, आणि बापाचं उत्तर, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." अर्धा विश्वास, अर्धी शंका, आणि तरी मुलगा बरा होतो. छप्पर उकलून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या वेळी येशूने पाहिला तो त्याला आणणाऱ्यांचा विश्वास. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही दुखणाइताने फक्त मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं. तेल लावून प्रार्थना करायचं काम त्यांचं. एवढं असून, प्रार्थनेने गुण आला नाही की हिशेब मात्र आजारी माणसाकडून मागायचा, ही रीत आपण कुठून आणली?

ती हुशार होती, ऐकून घेणारी नव्हती. "पण रक्तस्रावाच्या बाईला तर येशूने 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' म्हटलंय."

म्हटलंय. पण कधी? बारा वर्षं दुखणं काढलेली ती बाई गर्दीतून, मागून, लपून आली आणि वस्त्राला शिवली. बरी झाली, मग थरथर कापत पुढे आली, तेव्हा तिला 'मुली' म्हणून हाक मारून ते वाक्य सांगितलं. आधी मोजमाप नाही, अट नाही. (जाता जाता एक गंमत. वैद्यांच्या हातून तिचे हाल झाले आणि दुखणं उलट वाढलं, हे मार्क लिहितो. तीच गोष्ट लिहिताना लूक वैद्य ते वाक्य बरंच मऊ करतो. व्यवसायाची लाज राखली असावी!)

"तीपण लपूनच आली होती," ती म्हणाली, आणि त्या दिवशी आणखी काही बोलली नाही.

चंगाई सभा खोटी होती, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. देव बरं करतो असं मीही मानते, त्यासाठी प्रार्थना करते. पण त्या रात्री नेमकं काय झालं, हे तिला विचारलं. ती म्हणाली, "फिट येणारीला शिवायला लोक घाबरतात, ताई. माझ्या डोक्यावर इतका वेळ हात कुणी ठेवला नव्हता. त्या रात्री मी खूप वर्षांनी शांत झोपले." तेवढं तिचं होतं आणि खरं होतं. साक्षीतला तो भाग परत घ्यायची गरज नव्हती. आजार गेल्याचा निकाल मात्र तिने त्याच रात्री, तपासणीआधी, टाळ्यांच्या भरात दिला होता. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी 1858 पासून लाखो आजारी जात आलेत. कॅथलिक चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना मात्र सत्तरच्या आसपास आहेत, त्याही वर्षानुवर्षं वैद्यकीय कागदपत्रं तपासून. थांबून, तपासून बोलणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे तिला त्यावरून पटलं.

तिच्या मंडळीच्या पाळकांना (पाद्रींना) भेटायला आम्ही तिघं गेलो. माणूस भला. ऐकून पांढरे पडले. "मी गोळ्या सोड असं म्हटलं नव्हतं," म्हणाले. खरंच नव्हतं म्हटलं. घेत राहा, असंही म्हटलं नव्हतं. ते मी तिथेच बोलले. त्यांना लागलं असेल, पण त्यांनी वाद घातला नाही.

गोळ्यांची मात्रा बसेपर्यंत तिला आणखी एक छोटी फिट आली, सासूबाईंसमोरच. त्यांनीच कुशीवर वळवलं. आता गोळ्या फ्रिजवर उघड्या असतात आणि रात्रीची राहिली तर सासूबाईच आठवण करतात.

पुढच्या प्रार्थनासभेत पाळकांनी सुरुवातीलाच सांगितलं, की प्रार्थना घ्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध थांबवायचं नाही. एक-दोघांनी कुजबुज केली, हा कसला विश्वास. सभा सुटल्यावर चपला घालताना एक वयस्कर गृहस्थ हिच्याजवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बेटा, तुझे डॉक्टर बीपीचंही बघतात का? मी दोन महिने गोळी घेतलेली नाही. घरी बोलू नकोस."