वडील दारू पूर्ण सोडायला तयार नाहीत. नुसती कमी केली तर काही फायदा होतो का?

होतो. मी यवतमाळ जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. "उद्यापासून थेंब नाही" या शपथेवर माझा फारसा भरवसा नाही. माळ घालतात, पोळ्यापर्यंत टिकते, मग पुन्हा सुरू. आणि त्यानंतर माणूस लाजेपायी दवाखान्याकडे फिरकतच नाही. त्यापेक्षा पिणारा आपल्याशी बोलता राहिलेला बरा.

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या हातांची थरथर सकाळी चपटी घेतल्याशिवाय थांबत नाही. मग घरात कोंडून त्यांची दारू एकदम तोडू नका. अशा माणसाला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात. गावात म्हणतात, "याले बाहेरचं लागलं", आणि मांत्रिकाकडे नेण्यात वेळ जातो. यात जीवही जातो. बंद करायचीच तर भरती करून, औषधाखाली.

तोवर पिण्याआधी पोटात भाकर-वरण जाऊ द्या. जेवण सुटलेल्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि मेंदूला इजा होते. डॉक्टरांना त्याबद्दल आठवणीने विचारा. गाडीची चावी संध्याकाळी तुमच्याकडे. हातभट्टीत मिथेनॉल निघालं तर डोळे जातात, म्हणून प्यायचीच तर शिक्क्याची. (हे सांगताना मलाही बरं वाटत नाही.) आणि पऱ्हाटीवर फवारायचं औषध कुलपात ठेवा, चावी बाबांना सापडू देऊ नका. नशेत झालेलं भांडण आणि हाताशी असलेली बाटली, आपल्याकडे यातून काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी आहे. पिण्यातली मजा ती कमी करते, त्यामुळे हळूहळू प्रमाण उतरतं. पिणं चालू असतानाही ती सुरू करता येते, पण आधी लिव्हरची तपासणी लागते आणि डॉक्टरांनीच द्यायची. "न कळता दारू सोडवा" अशा जाहिरातीतली पूड मात्र भाजीत कालवू नका. तिच्यात काय असतं कोण जाणे. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल, तर वरून दारू घेतल्यावर उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदयावर येतं.

राहिली दारूबंदी. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. तुमच्या बाबांचा आजचा पव्वा त्याने ठरत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी विचारा. बाबा आले नाहीत तर पहिल्यांदा तुम्ही एकटेच जा. रोज किती, कधीपासून आणि याआधी कधी फिट आली होती का, एवढं कागदावर लिहून न्या.