एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) झालेलं मूल बरं होईल का, हे जीन एक्सप्रेशन टेस्टवरून कळतं का?
थोडंफार कळतं, पण नुसत्या त्या टेस्टवर सगळं ठरत नाही. २००९ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या टीमनी ल्युकेमियाच्या पेशींत कुठले जीन किती चालू आहेत ते तपासलं, तेव्हा एक गट सापडला ज्यात फिलाडेल्फिया क्रोमोसोम (थोडक्यात पीएच, दोन क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेला) नसतो पण जीनचा पॅटर्न अगदी तसाच, म्हणून नाव पीएच-लाइक, आणि यात आजार उलटायचा धोका जास्त असतो. यातल्या साधारण निम्म्या पेशंटमध्ये सीआरएलएफ२ हा जीन खूप जास्त चालू असतो, त्याचं प्रोटीन फ्लो सायटोमेट्रीतही (एकेक पेशी लेझरने तपासायची टेस्ट) दिसतं, तेव्हा रिपोर्टमध्ये हे नाव आहे का बघा. फक्त एक, इंडक्शननंतरचा (म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्यानंतरचा) एमआरडी, म्हणजे शरीरात उरलेल्या कॅन्सरच्या पेशींचं प्रमाण, याहून जास्त सांगतो. तो ०.०१% च्या खाली, म्हणजे दहा हजार पेशींत एकही कॅन्सरची पेशी नाही असा आला, तर पीएच-लाइक असूनही बरीच मुलं खरंच बरी होतात.