भिंतीवरचा नंबर

«मावशी, मी आठ वर्षं गावात आशा स्वयंसेविकेचं, म्हणजे घरोघरच्या आरोग्याचं काम करते. एका बाळंतिणीकडे गृहभेटींना जाते. तिचा दीर दार अडवून उभा राहतो. परवा हात धरला. रात्री अकरानंतर फोन करतो, ‘बाळ रडतंय, या.’ माझा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलाय, बदलू कसा? नवरा म्हणतो, काम सोड. आमच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई म्हणाल्या, स्वयंसेविकेला कसली आलीय तक्रार! बाळंतपणानंतरच्या 28व्या आणि 42व्या दिवसाची भेट बाकी आहे.»

पोरी, त्या घरात आता एकटी जायचं नाही. अंगणवाडी सेविकेला नाहीतर शेजारच्या आशाला सोबत घे, किंवा बाळाला उपकेंद्रात आणायला सांग.

ताईंचं म्हणणं चूक आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणारी बाईसुद्धा कर्मचारीच धरली आहे. कामासाठी ज्या घरी जातेस ते घर, कामासाठी दिलेलं जाण्यायेण्याचं वाहन, हेही कामाचं ठिकाण. गंमत बघ, या कायद्याच्या मुळाशी राजस्थानच्या भंवरीदेवी आहेत, तुझ्यासारख्याच गावपातळीवरच्या सरकारी ‘साथिन’. बालविवाह अडवला म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यातूनच सर्वोच्च न्यायालयाचे कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दलचे 1997 चे विशाखा निर्देश आले. आणि तुला ऐकवतात, स्वयंसेविका!

हात धरला त्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार दे. अशा तक्रारींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तालुक्यात या तक्रारी घेणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे दिलीस तर त्यानं ती 7 दिवसांत समितीकडे पाठवायची असते. एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना दे आणि पोच घे, शिक्क्यासह. पोलिसांत जायचं ठरवलंस तर विभागानं तुला मदत करायची, हेही कायद्यातच आहे. हात धरणं हा विनयभंग, भारतीय न्याय संहितेचं कलम 74. ‘नको’ म्हटल्यावरही पुन्हापुन्हा फोन करणं म्हणजे पाठलाग, कलम 78. एकदा स्पष्ट ‘फोन करू नका’ असा मेसेज टाक. कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेव, डायरीत तारीख-वेळ लिही. अंगावर आला तर 112 ला फोन कर.

नवऱ्याला डायरी वाचायला दे. तो घाबरलाय, एवढंच. पण काम सुटलं तर तुझा मोबदला जाईल, त्या दिराचं काय जाणार?

आणि 28व्या दिवशी, सासू चहाला आत गेली की त्या बाळंतिणीला हळूच विचार, ‘तुला काही त्रास आहे का गं?’ तू तासाभरात निघतेस, ती त्याच घरात राहते.