गाड्यावरची चव घरी का येत नाही?

प्रश्न : भडंग सांगलीचंच, कांदाही त्याच बाजारातला, तरी घरची ओली भेळ दोन घासांत गिळगिळीत होते. गाड्यावरची मात्र शेवटच्या चिमटीपर्यंत कुरकुरते. आमचं काय चुकतं? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : बहुतेक पातेल्याचा आकार. घरी पाच जणांची भेळ एकदम कालवतात आणि मग ताटल्या शोधायला लागतात. गाडीवाला एका वेळी एक, फार तर दोन प्लेटी कालवतो आणि पळी पातेल्यावर आपटून लगेच हातात देतो. चिरमुरा म्हणजे फुगून आतून जाळीदार झालेला तांदूळ, पाणी लागलं की तो ओढून घेणारच. भडंगाला तेलाचा हात असतो म्हणून ते जरा उशिरा भिजतं. साध्या चिरमुऱ्याला तेवढीही सवड नाही. तेव्हा खाणारे आधी बसवा, मग कालवा.

दुसरी चूक चटणीत. पातळ चिंचेचं पाणी ओतलं की भेळ बसलीच. ५० ग्रॅम चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा, ७५ ग्रॅम गूळ घालून आटवा. पळीवरून धार न पडता थेंब पडायला लागले की गॅस बंद. एका प्लेटीला दोन मुठी भडंग, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, त्याला पोह्याच्या चमच्याने कांदा दोन चमचे, टोमॅटो एक चमचा आणि ही चटणी दोन चमचे. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. चिरलेल्या कांद्याला आधीच मीठ लावून ठेवू नका, पाणी सुटतं. भडंगात मीठ असतंच.

आधी कांदा, टोमॅटो, मिरची, चटणी एकत्र करायची, भडंग त्यावर घालायचं आणि आठ-दहा वेळा खालीवर करून थांबायचं. भडंगावर चटणी ओतली तर खालचं भिजतं आणि वरचं कोरडं राहतं, मग आपण ढवळतच बसतो. शेव आणि कोथिंबीर शेवटी.

भडंग घरीच करायचं असेल तर पाव किलो जाड चिरमुऱ्यांना अर्धी वाटी तेल, सालासकट ठेचलेल्या वीसेक लसूण पाकळ्या, वाटीभर शेंगदाणे, कढीपत्ता, दोन चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, मीठ आणि चमचाभर पिठीसाखर. चिरमुरे आधी मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतून घ्या, चिमटीत दाबल्यावर चुरा व्हायला हवा. लसूण तांबूस, कोरडा होईपर्यंत तळा. आत ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी डब्यातले सगळे चिरमुरे सादळतात. तिखट मात्र गॅस बंद करून, तेल जरा निवल्यावर घाला. उकळत्या तेलात ते क्षणात काळं पडतं आणि अख्खा घाणा कडवट होतो.

प्रश्न : पावसाळ्यात गाड्यावर खावं की नाही? (मिरज)

उत्तर : समोर तळलेलं, वाफाळतं असेल तर खुशाल खा. सकाळी चिरून ठेवलेला, कडा सुकलेला कांदा, उघडी चटणी आणि बर्फ टाळा. पैसे घेणारा हात आणि कालवणारा हात एकच असेल तर पुढच्या गाड्यावर जा. भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. शाई अन्नात उतरते, आणि २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याला मनाईही आहे.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. तिथल्या टाको ट्रकवरच्या (टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी) मक्याच्या पोळीचं फार कौतुक करतो. सुट्टीला आला की करून घालावं म्हणून मक्याच्या पिठाची भाकरी थापली, पण दुमडली की फाटते. (सातारा)

उत्तर : तुमच्या हाताचा दोष नाही, पीठच वेगळं आहे. मेक्सिकोत मका कोरडा दळत नाहीत, आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो. एरवी मक्यात गव्हासारखी ओढ नसते. (मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं तेही यामुळेच.) दळलेल्या पिठात नुसता चुना कालवून काही साधत नाही.

पाव किलो सुका मका, पाऊण लिटर पाणी आणि पानाला लावतात तो साधा भिजवलेला पांढरा चुना एक सपाट छोटा चमचा. स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियम चुन्याने काळं पडतं. अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेवा. दाण्याचं साल बोटाने सुटायला लागलं की झाकून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी तीन-चार पाण्यांतून चोळून धुवा आणि बेताचं पाणी घालत वाटा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तम. मिक्सरमध्ये भरड राहतं, म्हणून थोडं थोडं घ्या. गिरणीत ओला मका नेऊ नका, जातं चिकटेल.

सुपारीपेक्षा मोठी, ३० ग्रॅमची गोळी दुधाच्या पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या पातेल्याने दाबा, १२ सेंटीमीटरची पोळी होते. कडा चिरल्या तर पीठ कोरडं आहे, पिशवीला चिकटलं तर ओलं. तवा कडक तापलेला हवा. एक बाजू अर्धा मिनिट, दुसरी मिनिटभर, पुन्हा उलटली की टम्म फुगते. लगेच फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवा. त्या वाफेनेच ती लवचिक होते. उघडी राहिली तर दुमडताना मोडेल.

भरायला काहीही चालेल, फक्त रस्सा नको. तिथे मांस शॉर्माप्रमाणे उभ्या सळईवर भाजण्याचीही पद्धत आहे, लेबनॉनहून आलेल्या लोकांनी ती मेक्सिकोत नेली. तुम्ही कोंबडीचं सुकं करा किंवा लसूण-जिऱ्याच्या फोडणीत परतलेला राजमा घ्या. वर बारीक कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि तव्यावर भाजलेल्या टोमॅटो-मिरचीचा ठेचा. ट्रकवाले बऱ्याचदा एका टाकोला दोन पोळ्या लावतात, वरची भिजली तरी खालची धरून ठेवते. मुलाला वाढताना तसंच करा, आणि ताटात चार मांडून ठेवू नका. तव्यावरून एक, ती संपली की दुसरी.